कोण कोणाची वाट पाहतंय?

तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगावकडे निघालं की वाटेत एक वसतिगृह लागतं. महिन्यातले दोन रविवार मी तिथे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. चार जुने लॅपटॉप आहेत, चारही लिनक्सवर चालतात. नेटसाठी माझा फोन. तो खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात उभा करून ठेवायचा, कारण रेंज तिथेच येते. हातभर डावीकडे सरकवला की गेली.

त्या रविवारी एका मुलाने नंदुरबारच्या मिरचीच्या दहा दिवसांच्या भावांची सरासरी काढणारा प्रोग्रॅम सी भाषेत लिहून आणला होता. सरासरी यायची ती दहापैकी कुठल्याही दिवसाच्या भावापेक्षा कितीतरी मोठी. चूक मला दिसली होती. दहा कप्प्यांच्या रांगेत त्याचा लूप अकराव्या कप्प्यात हात घालत होता आणि तिथे जे काही पडलेलं असेल ते बेरजेत धरत होता. पण मी ते बोललो नाही. अंदाज बांधत बसण्यापेक्षा आत शिरून पाहायचं कसं, हेच त्या दिवशी शिकवायचं होतं. ईमॅक्स या एडिटरमध्ये त्याची फाइल उघडली, तिथूनच जीडीबी हा चुका शोधायचा डीबगर चालू केला, लूपच्या ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, लावला आणि ‘रन’ लिहून एंटर दाबलं.

काहीच झालं नाही. ब्रेकपॉइंटपाशी येऊन थांबल्याचा बाण उमटला नाही, चूक दाखवणारा संदेश आला नाही, पुढची आज्ञा मागणारी खूणही आली नाही. दहा सेकंद गेली, तीस गेली, मिनिट उलटलं. मुलं आधी पडद्याकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली. ज्याचा प्रोग्रॅम होता त्याने हळूच विचारलं, “सर, माझं काही चुकलं का?”

त्या प्रश्नामुळेच हा लेख लिहितो आहे. त्याच्या प्रोग्रॅममध्ये चूक होती हे खरं. पण पडदा गोठला त्याच्याशी त्या चुकीचा काडीचाही संबंध नव्हता. त्याच्या प्रोग्रॅमची पहिली ओळसुद्धा अजून चाललेली नव्हती. तरी यंत्र गप्प बसल्याबरोबर त्याने दोष आपल्या पदरात घेतला. घरी पावरी, शाळेत मराठी आणि डीबगरमध्ये इंग्रजी असा ज्याचा प्रवास आहे, त्या मुलाला यंत्राचं गप्प बसणं हा आपल्याविरुद्ध दिलेला निकाल वाटतो. कुलाब्यातल्या किंवा कोथरूडमधल्या मुलाला असं वाटत नसेल असं मी म्हणत नाही. पण त्याच्या शेजारी ‘अरे, हे असंच होतं’ म्हणणारं कोणीतरी बहुधा असतं.

आपण सगळेच म्हणतो, ‘हँग झालं’. फोन हँग, बँकेचं ॲप हँग, एटीएम हँग. एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली, यंत्र मन लावून काम करतंय, पण काम मोठं आहे. दुसरी, यंत्र कामच करत नाही, ते कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहतंय. तिसरी, ते खरोखर मेलंय. बाहेरून तिन्ही सारखी दिसतात. आणि हा काही आपल्या नजरेचा दोष नाही. एखादा प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की अनंत काळ चालत राहील हे सगळ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ साली सिद्ध केलं. तेव्हा आजच्यासारखा संगणक जन्मालाही आला नव्हता. नेटवर्कच्या बाबतीत तशीच एक भिंत १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटर्सन या तिघांनी दाखवली. संदेश पोचायला किती वेळ लागेल याची हमी नसेल, तर पलीकडचा मंद आहे की मेला आहे हे अलीकडे बसून ठरवता येत नाही, आणि तेवढ्या एका शंकेपायी सगळ्यांचं एकमत घडवून आणण्याची खात्री कोणालाच देता येत नाही.

या दोन सिद्धांतांतून माझ्या मते एक नैतिक निष्कर्ष निघतो, आणि तो फारसा कोणी काढलेला मला आढळला नाही. बाहेरच्याला जर तत्त्वतःच कळू शकत नसेल, तर सांगण्याची जबाबदारी आतल्यावर येते. मी कोणाची वाट पाहतोय हे फक्त वाट पाहणाऱ्यालाच ठाऊक असतं. ते न सांगणारं यंत्र अपुरं आहे. मग ते कितीही हुशार असो.

त्या दुपारी आम्ही काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण मुद्दा त्या तपशिलातच आहे.

पहिला प्रश्न मी मुलांनाच विचारला: यातलं नेमकं काय गोठलंय? एकाने ईमॅक्समध्येच दुसरी फाइल उघडून टाइप करून पाहिलं. अक्षरं उमटत होती. म्हणजे एडिटर जिवंत होता, डीबगरची खिडकी तेवढी मुकी झाली होती. पुष्कळदा इथेच अर्धी लढाई संपते. एडिटरमधला डीबगर ही एक वस्तू नाही. एडिटर एक, डीबगर दुसरा, तपासला जाणारा प्रोग्रॅम तिसरा. तिघांमध्ये निरोपांची ये-जा चालते आणि आपल्याला दिसते ती फक्त पहिल्याच्या घरची ओसरी.

दुसरा प्रश्न: तो राबतोय की थांबलाय? दुसऱ्या खिडकीत ‘टॉप’ ही आज्ञा दिली. त्यात कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर किती वापरतोय ते दिसतं. जीडीबीसमोर शून्य होतं आणि स्थितीच्या रकान्यात ‘एस’ हे अक्षर, म्हणजे झोपलेला. तो गोल गोल फिरत असता तर शंभराच्या आसपास आकडा दिसला असता. म्हणजे तो वाट पाहत होता. हा रकाना त्या मुलांनी आधी कधी पाहिलेला नव्हता. ज्याचा प्रोग्रॅम होता त्याने माझ्याकडून कीबोर्ड काढून घेतला. पुढचं टायपिंग त्यानेच केलं.

तिसरा प्रश्न: वाट कोणाची? त्यासाठी ‘एसट्रेस’ नावाचं एक साधन आहे. कोणताही चालू प्रोग्रॅम लिनक्सच्या गाभ्याकडे काय काय मागतोय हे ते ओळीओळीने दाखवतं. आधी परवानगी नाकारली गेली, कारण दुसऱ्याच्या पोटात डोकावण्यावर या लॅपटॉपवरच्या उबंटू लिनक्सने मुद्दाम बंधन घातलेलं आहे. मग ‘सुडो’ लावून, म्हणजे मालकाच्या अधिकाराने, पुन्हा चालवलं. पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा यायला लागली: पोल, वेळ संपली, पोल, वेळ संपली. कुठल्यातरी दाराशी उभा राहून तो ‘आलं का काही?’ असं विचारत होता, आणि ते दार नेटवर्कचं होतं.

आता मलाही नवल वाटलं. मिरचीच्या भावांची सरासरी काढणाऱ्या वीस ओळींच्या प्रोग्रॅमचा नेटशी काय संबंध? म्हणून एडिटर बाजूला ठेवून तोच डीबगर नुसत्या टर्मिनलमध्ये चालवला. तिथे मात्र त्याने तोंड उघडलं. सी भाषेच्या मूळ ग्रंथालयाची (लायब्ररीची) डीबगिंगची माहिती उतरवून घेतोय, असं सांगणारी ओळ आली आणि मुंगीच्या पावलाने पुढे सरकू लागली. एडिटरच्या खिडकीत ती ओळ आम्हाला दिसलीच नव्हती.

कारण सापडलं ते माझ्याच फाइलमध्ये. अलीकडच्या जीडीबीत अशी सोय आहे की लागणारी माहिती लॅपटॉपवर नसेल तर ‘डीबगइन्फोडी’ नावाच्या सेवेकडून नेटवरून आपोआप आणता येते. आणू का, असं तो सुरुवातीला विचारतो. मी पुण्यात असताना, वायरचं जलद नेट घरात असताना, त्याने दर वेळी विचारू नये म्हणून सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून ठेवली होती: नेहमी आण. तीच फाइल मी या चारही लॅपटॉपवर जशीच्या तशी उतरवली. पुण्यात ती ओळ माझा वेळ वाचवत होती. घाटावर तिने एका मुलाला आपण चुकलो असं वाटायला लावलं. ती ओळ काढल्याबरोबर डीबगर लगेच चालू झाला, लूपपाशी बाण येऊन थांबला, आणि पुढच्या पाच मिनिटांत मुलाने अकरावा कप्पा स्वतः पकडला.

ती ओळ काढण्याआधी मी एक प्रयोग केला. फोनचा हॉटस्पॉट पूर्ण बंद केला आणि तीच सेटिंग ठेवून डीबगर चालवला. तो तत्काळ उघडला! नेट अजिबात नसताना चालणारी गोष्ट थोडं नेट असताना चालत नव्हती. मुलं हसली, पण यात विनोद काही नाही. नेट नसलं की पत्ताच सापडत नाही, आणि प्रोग्रॅम ‘नाही मिळत’ म्हणून सोडून देतो. नेट अर्धवट असलं की पत्ता सापडतो, हाक पोचते, पलीकडून ‘आलो आलो’ असं उत्तर येतं आणि मग थेंब थेंब माहिती गळत राहते. त्या सेवेची मूळ ठेवण अशी की ९० सेकंदांत निदान १०० केबी आले नाहीत तरच प्रयत्न सोडायचा. आणि हे प्रत्येक ग्रंथालयासाठी वेगवेगळं. ज्याने हा आकडा ठरवला त्याने काही वाईट केलं नाही. पण त्याच्या डोळ्यांसमोर नेटच्या दोनच स्थिती असाव्यात, आहे आणि नाही. आमच्याकडे तिसरी असते. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगराळ भागात राहणाऱ्याला विचारा: पूर्ण दिवस रेंज नाही असा दिवस त्याला परवडतो, कारण त्या दिवशी तो दुसरी कामं धरतो. एक कांडी येते-जाते अशा दिवशी मात्र त्याचा अख्खा दिवस वाया जातो.

वाट पाहण्याच्या आणखी तऱ्हा आहेत, आणि वर्गात त्या याहून जास्त वेळा भेटतात. प्रोग्रॅम वापरणाऱ्याकडे आकडा मागत असतो, पण तो मागतो दुसऱ्याच खिडकीत. ईमॅक्समध्ये तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमची बोलाचाली वेगळ्या खिडकीत चालते आणि ती दुसऱ्या खिडकीखाली झाकलेली असू शकते. मुलगा डीबगरच्या खिडकीत आकडा लिहितो, डीबगर त्याला आज्ञा समजतो, प्रोग्रॅम तसाच ताटकळतो. कधी डीबगर स्वतः होय की नाही असं विचारतो आणि तो प्रश्न लांबलचक मजकुराच्या तळाशी गडप होतो. सगळ्यांत जीव कळवळतो तो या प्रकारात: प्रोग्रॅमने ‘भाव सांगा’ असं छापलेलं असतं, पण छापलेलं पडद्यावर पोचलेलं नसतं. सी भाषेत छापलेली अक्षरं आधी एका साठ्यात जमा होतात. समोर टर्मिनल असेल तर ओळ संपली की साठा रिकामा होतो. पण मध्ये एडिटरचा पाइप असेल, आणि विंडोजवर बऱ्याचदा तसंच असतं, तर साठा भरेपर्यंत काहीच बाहेर येत नाही. प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहतोय, माणूस प्रश्नाची वाट पाहतोय, आणि प्रश्न प्रोग्रॅमच्या खिशात अडकलाय. ‘एफफ्लश’ ही एक ओळ लिहिली की तो सुटतो. पण ती लिहायची हे कळेपर्यंत कितीजणांनी ‘आपल्याला हे जमणारं नाही’ असं ठरवून टाकलं असेल, याची मोजदाद कुठेच नाही.

ही साधनं मुळात इतकी अबोल का, याला इतिहास आहे आणि तो जाणून घेतल्याशिवाय त्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होतं, तेव्हा समोर पडदा नव्हता, टेलिटाइप होता. सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं, तीही कागदावर खडखड करत उमटणारी. तिथे प्रत्येक जादा शब्द म्हणजे वेळ आणि कागद. म्हणून काम नीट झालं की गप्प बसायचं, ही त्या प्रोग्रॅमची सभ्यता ठरली. ती खोलीही छोटी होती. काही अडलं तर उठून शेजारच्या टेबलाशी जायचं आणि ज्याने ते साधन लिहिलं त्यालाच विचारायचं. गप्प बसणं परवडत होतं, कारण सांगणारं माणूस हाताच्या अंतरावर होतं. साधनं जगभर गेली. ती माणसं बरोबर गेली नाहीत.

माझ्या या म्हणण्यावर याच क्षेत्रात काम करणाऱ्या मित्रांचे दोन आक्षेप असतात. पहिला असा की इतकं खोलात कशाला जायचं, बंद करून चालू कर, दहातल्या नऊ वेळा चालतं. मी स्वतःही घाईत तेच करतो. पण बंद करताना आपण साक्षीदारालाच घालवून देतो. गोठलेला प्रोग्रॅम हा त्या क्षणी त्या बिघाडाचा एकमेव साक्षीदार असतो. कोणत्या दाराशी उभा होता, कोणाला हाक मारत होता, हे त्यालाच माहीत. आम्ही त्या दिवशी लॅपटॉप बंद-चालू केला असता तर रेंज सुधारताच डीबगर आपसूक चालला असता, आणि पुढच्या रविवारी पुन्हा गोठला असता. मुलं त्यातून एवढंच शिकली असती की संगणक लहरी असतो. लहरी गोष्टीपुढे माणूस नमतं घेतो, तिला प्रश्न विचारत नाही. शिक्षक म्हणून मला याची सर्वांत जास्त भीती वाटते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. यंत्राने मनातलं सगळं बोलून दाखवायचं ठरवलं तर पडदा संदेशांनी भरून जाईल आणि कामाचा संदेश त्यात हरवेल. खरं आहे. एसट्रेस हजारो ओळी ओकतो आणि त्यातली नेमकी ओळ ओळखायला सराव लागतो. पण मी सगळं मागत नाही. वाट पाहणं दहा सेकंदांच्या वर गेलं तर एक वाक्य हवं, तीन गोष्टी सांगणारं: कोणाची वाट पाहतोय, केव्हापासून, आणि सोडून द्यायचं असेल तर काय दाबायचं. एसटी उशिरा असेल तर चांगला वाहतूक नियंत्रक एवढंच सांगतो: गाडी तळोद्यातून निघालीय, घाटात आहे. इंजिनाचं तापमान त्याला कोणी विचारत नाही. तो खिडकी लावून आत बसला तर मात्र फलाटावरचा माणूस दर पाच मिनिटांनी उठत बसतो.

आणि हे करता येतं, फार कठीण परिस्थितीतही करता येतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण पृथ्वीवरचं नाही. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा संगणक आपणहून पुन्हा पुन्हा नव्याने चालू व्हायला लागला. कारण होतं वाट पाहण्याची साखळी. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाने एक कुलूप धरून ठेवलं होतं. खूप महत्त्वाचं एक काम त्या कुलपासाठी थांबलेलं. आणि मधल्या महत्त्वाची कामं हवामानवाल्याला पुढे सरकूच देत नव्हती, म्हणून कुलूप सुटत नव्हतं. ठराविक वेळात ते महत्त्वाचं काम पुरं झालं नाही म्हणून यंत्रणा सगळंच नव्याने चालू करायची. अभियंत्यांनी हे पृथ्वीवर ठेवलेल्या यानाच्या जुळ्या प्रतीवर शोधून काढलं आणि कुलूप धरणाऱ्याला तात्पुरतं वरचं महत्त्व देणारी एक सेटिंग, जी बंद राहिली होती, ती दुरून चालू केली. कोणतं काम केव्हा चाललं आणि कशासाठी थांबलं याची नोंद ठेवणारी सोय त्यांनी त्या प्रोग्रॅममधून काढून टाकली नव्हती, म्हणून हे शक्य झालं. कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या यंत्राच्या पृथ्वीवरच्या जुळ्याला ते विचारू शकले: तू कोणाची वाट पाहतोयस? चांदसैलीचा घाट त्या मानाने जवळ आहे.

इथवर मी डीबगरबद्दलच बोललो, कारण ते माझं क्षेत्र. पण नंदुरबार जिल्ह्यात राहून तिथेच थांबणं मला बरं वाटत नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. २०११च्या जनगणनेप्रमाणे ज्या जिल्ह्यात १०० पैकी जवळपास ६९ माणसं आदिवासी आहेत, तिथून ही योजना सुरू झाली. ज्याच्याकडे आपण कोण हे दाखवायला एकही कागद नाही त्याला ओळख मिळावी, असं तेव्हा सांगितलं गेलं आणि ती गरज खरी होती. मी त्या हेतूवर शंका घेत नाही.

मी सांगतो ते एका रेशन दुकानात पाहिलेलं. गावाचं नाव सांगत नाही. दुकानदाराच्या हातात अंगठा घेऊन आधारशी पडताळणारं मशीन. एका म्हाताऱ्या बाईने अंगठा ठेवला, पडद्यावर गोल फिरायला लागला. बराच वेळ फिरला आणि दुकानदार म्हणाला, “अंगठा लागत नाही, आजी. हात धुऊन या.” ती हापशावर गेली, हात धुतले, लुगड्याच्या पदराला पुसले, पुन्हा ठेवला. पुन्हा गोल. मग तिने अंगठा केसांतून फिरवला, तेलाचा ओलावा लागावा म्हणून, आणि तिसऱ्यांदा ठेवला. शेजारच्या बाईने तिच्या हाताकडे बघून म्हटलं, “शेतीत झिजलेत ना.” आजीनेही मान हलवली, जणू आयुष्यभर राबून तिने काही गैर केलं होतं. शेवटी दुकानदार मशीन घेऊन वरच्या वळणावर गेला, ती मागोमाग चढली. तिथे रेंज होती. त्याच अंगठ्याने पहिल्या झटक्यात पावती निघाली.

आजीच्या अंगठ्यात काही खोट नव्हती. पण ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य दुकानात इतकं रुळलंय की त्याखाली दोन वेगळ्या गोष्टी गाडल्या गेल्यात. ठसा पोचला आणि जुळला नाही, ही एक. ठसा पोचलाच नाही, ही दुसरी. आधारच्या पडताळणीच्या तांत्रिक नियमांत या दोन्हींची सरमिसळ नाही. बोटाचा ठसा जुळला नाही तर ३०० हा स्वतंत्र क्रमांक परत येतो. उत्तरच आलं नाही तर कुठलाच क्रमांक येत नाही. म्हणजे फरक यंत्रापर्यंत पोचतो. तो काउंटरच्या या बाजूला येत नाही, एवढंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८च्या आधार निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी बहुमताहून वेगळं मत दिलं, त्यात पडताळणी न झाल्याने माणसं बाहेर पडतात याची चर्चा आहे. कायद्याचा तो वाद मोठा आहे आणि माझ्या आवाक्याबाहेरचा. मी एका ओळीबद्दल बोलतोय. ‘सर्व्हरचं उत्तर आलेलं नाही, तुमच्या बोटाचा दोष नाही,’ असं मराठीत आणि शक्य तर पावरीत, भिलीत उमटणारी, वाचून दाखवली जाणारी एक ओळ. ती लिहायला एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमरला दुपारही लागणार नाही.

ती का लिहिली जात नाही, याचं मला पटणारं उत्तर असं की लिहिणाऱ्याला त्या शांततेची किंमत कधी मोजावी लागलेली नसते. त्याच्या खोलीत गोल फिरायला सुरुवात होते न होते तोच उत्तर येतं. मीही पुण्यात बसून ‘नेहमी आण’ ही ओळ लिहिली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात उभा केलेला फोन नव्हता. म्हणून आता मी मुलांना साधन शिकवतो तेव्हा आधी ते गोठवून दाखवतो. हॉटस्पॉट मुद्दाम मंद करतो, प्रोग्रॅमला आकडा मागायला लावतो आणि ती खिडकी झाकून टाकतो. मग वर्गात कोणी ‘हँग झालं’ म्हटलं की बाकीचे विचारतात, काय गोठलंय, राबतोय की थांबलाय, वाट कोणाची? पहिल्या दिवशी दोष स्वतःकडे घेणारा मुलगा आता हे प्रश्न सर्वांत मोठ्याने विचारतो.

मागच्या महिन्यात तो आपल्या आजीबरोबर रेशनला गेला होता. मशीन फिरत राहिलं, दुकानदार सवयीने म्हणाला, अंगठा लागत नाही. आजी उठून हापशाकडे निघाली. याने तिचा हात धरून थांबवलं आणि दुकानदाराला विचारलं, “काका, ठसा जुळला नाही असं उत्तर आलंय, की उत्तरच आलं नाही?” दुकानदाराने मशीन त्याच्याकडे वळवलं. पडद्यावर फक्त गोल फिरत होता. दोघेही त्या गोलाकडे बघत राहिले.